पहिल्या ठोक्याचा उशीर

डेपोच्या दुरुस्ती विभागात त्याला सगळे डॉक्टर म्हणायचे. पदवी म्हणाल तर मॅट्रिकसुद्धा दुसऱ्या फेरीत. पण एखादी बस धापा टाकत आली की हा एक लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवायचा, मूठ कानामागच्या हाडाला लावायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "तिसऱ्या सिलिंडरचं बेअरिंग." खोललं की तिसऱ्याचंच निघायचं. चौतीस वर्षं हे असं चाललं होतं, आणि या चौतीस वर्षांत नम्रपणा नावाची चीज त्याच्या वाटेला फिरकली नव्हती.

डेपोचा एक बँडही होता. कंडक्टर, क्लार्क, रंगारी, कॅन्टीनच्या बाई अशी चौदा माणसं. डॉक्टर मोठा ड्रम बडवायचा. बँडमास्तर तिकीट विभागाचा हेडक्लार्क. तो क्लॅरिनेट वाजवायचा, आणि वाजवत नसेल तेव्हा भाषण करायचा. त्यातल्या त्यात क्लॅरिनेट बरी होती.

बँडच्या लयीची बोंब होती, हे बँडमास्तरलाही मान्य होतं. म्हणून त्याने कुठूनतरी मेट्रोनोमचं एक सॉफ्टवेअर शोधून आणलं. वेग ठरवून द्यायचा, मग ते टक् टक् टक् टक् करत राहतं आणि त्यावर आपण सराव करायचा. सॉफ्टवेअर फुकट होतं आणि फुकट ते पौष्टिक, त्यामुळे चौदाच्या चौदा जणांनी ते उतरवून घेतलं. कुठल्या कॉम्प्युटरवर? तर ऑफिसने मोडीत काढलेले एकाच जातीचे जुने डबे सगळ्यांनी घरी नेले होते, त्यांच्यावर.

डॉक्टरला त्या सॉफ्टवेअरची एक गोष्ट मात्र मनापासून आवडली. त्याचा कोड उघडा होता. ज्याला वाटेल त्याने आत डोकवावं, चूक सापडली तर सांगावी. हल्लीच्या गाड्यांची इंजिनं कंपनी सीलबंद करून पाठवते आणि हात लावलात तर वॉरंटी गेली म्हणते, त्याचा त्याला भारी संताप होता. "याचं बॉनेट उघडतं," तो बायकोला म्हणाला. बायको शाळेत गणित शिकवायची. ती म्हणाली, "उघडतं ते खरं, पण तुम्हाला त्यातलं काय कळतं?"

काही कळत नव्हतं. पण तिसऱ्याच दिवशी डॉक्टरने जाहीर केलं की हा मेट्रोनोम चुकतो.

"प्रत्येक आवर्तनाचा पहिला ठोका उशिरा येतो," तो म्हणाला. "दोन, तीन, चार ठीक. एक मात्र लंगडतो."

"अहो, नाचता येईना अंगण वाकडं," बायको वह्या तपासता तपासता म्हणाली.

डेपोत तर विचारूच नका. कॉम्प्युटर चुकतो आणि डॉक्टर बरोबर म्हटल्यावर चहाला सगळ्यांना विषय मिळाला. आणि गंमत नव्हे, पण सरावालाही डॉक्टरच चुकतोय असं दिसू लागलं. चार महिन्यांत बाकीचे तेरा एकमेकांना असे चिकटून वाजवायला लागले की ऐकत राहावं, आणि डॉक्टरचा ड्रम दर आवर्तनाला त्यांच्या आधी पोचायचा. धडाम्, आणि मग बँड. शेवटी बँडमास्तरने क्लॅरिनेट खाली ठेवली.

"डॉक्टर, राग मानू नकोस. वय होतं माणसाचं. डेपोच्या पन्नाशीचा कार्यक्रम दोन आठवड्यांवर आलाय. तोवर जमलं तर ठीक, नाहीतर ड्रम रंगाऱ्याकडे."

"म्हणजे माझे कान गेले म्हणतोस?"

"मी काहीच म्हणत नाही. तेरा जण म्हणतायत."

डॉक्टरने घरी आल्या आल्या चपला कोपऱ्यात भिरकावल्या. त्याला राग आला होता हे सगळ्यांना दिसलं. तो घाबरला होता हे कुणाला दिसलं नाही. चौतीस वर्षं इंजिनांच्या गोंगाटात काढल्यावर कान जाणार हे त्याला ठाऊक होतं, वरच्या मजल्यावरचा फिटर साठीतच ठार बहिरा झाला होता. म्हणून तर डेपोच्या दरवर्षीच्या कानतपासणीला हा नेमका रजेवर असायचा. कान गेले तर ड्रम गेला, ते एक वेळ चालेल. पण मग स्क्रूड्रायव्हर हाडाला लावून तो करणार काय होता? कान गेलेल्या डॉक्टरकडे नुसता स्क्रूड्रायव्हर उरतो.

मुलगी इस्पितळात एक्स-रे काढायची. तिने दोन दिवस बापाचं तोंड पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी ड्युटीवरून आल्या आल्या कॉम्प्युटरजवळ फोन ठेवला.

"बाबा, तुमच्या कानाचं मला काही सांगता येणार नाही. पण ठोक्यांचा फोटो निघतो."

तिने मेट्रोनोमचा आवाज रेकॉर्ड केला आणि दुसऱ्या एका फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडला. पडद्यावर ठोके सुळक्यांसारखे उभे राहिले. तिने मधली अंतरं मोजली. दोन ते तीन, तीन ते चार, हिशोब चोख. चार ते पुढचा एक, सेकंदाचा पंचविसावा भाग जास्त, आणि एक ते दोन तेवढाच कमी. तिने पुन्हा मोजलं. प्रत्येक आवर्तनाला तेच.

डॉक्टर खुर्चीत बसला. मग उठला, मोरीत जाऊन तोंड धुतलं आणि परत आला. डोळे लाल होते, ते साबण गेला म्हणून, असं त्याने न विचारताच सांगितलं.

बायकोने पडद्याकडे पाहिलं आणि वर्गात लावते तसा सूर लावला. "तेरा पोरांचं एकच चुकीचं उत्तर आलं की मी ओळखते, सगळ्यांनी एकाच वहीतून उतरवलंय."

बापलेकीने एकमेकांकडे पाहिलं. तेरा डबे, तोच मेट्रोनोम, चार महिने. अख्खा बँड इमानेइतबारे लंगडायला शिकला होता, आणि सरळ चालणारा एकटा डॉक्टर त्यांच्यात वेडा ठरला होता.

मुलीने फोटोसकट सॉफ्टवेअरच्या पानावर तक्रार टाकली. ते लिहिणारी बाई दूर कुठल्याशा देशात पोटापाण्यासाठी चष्मे विकायची. आठवड्याभराने तिचं उत्तर आलं. तुमच्या वडिलांचं बरोबर आहे, तिने लिहिलं होतं. फार जुन्या कॉम्प्युटरवर पहिल्या ठोक्याचा वेगळा आवाज उशिरा उचलला जातो. असले कॉम्प्युटर अजून कुणाकडे असतील असं मला वाटलंच नव्हतं. सहा वर्षांत हे कुणाच्या लक्षात आलं नाही. त्यांनी हे कुठल्या यंत्राने पकडलं? मुलीने कळवलं, "कानाने." पुढच्या आवृत्तीत चूक दुरुस्त होणार होती आणि आभाराच्या यादीत "डॉक्टर, बस मेकॅनिक" अशी ओळ येणार होती.

डॉक्टरने उत्तराची प्रत काढली आणि सरावाला छाती पुढे काढून गेला. प्रत तेरा जणांच्या हातून फिरली. काहींनी ती दोनदा वाचली. डॉक्टरच्या आयुष्यातली ती सगळ्यात सुखाची पाच मिनिटं असावीत.

मग बँडमास्तर म्हणाला, "मानलं तुला. चुकलं आमचं. पण कार्यक्रम परवा आहे. दोन दिवसांत तेरा जणांना बदलू, की एकाला?"

"म्हणजे मी बरोबर असून चुकीचं वाजवू?" डॉक्टरने ड्रमच्या काठ्या टेबलावर आपटल्या. "घाला तुमचा ड्रम चुलीत!"

तो दाराशी पोचला तेव्हा कॅन्टीनच्या बाई बोलल्या. त्या झांजा वाजवायच्या आणि एरवी सरावात तोंड उघडायच्या नाहीत.

"डॉक्टर, तुमचंच बरोबर असेल हो. पण आम्ही आता वाजवायचं कुणाबरोबर?"

डॉक्टर दारातच थांबला. याचं उत्तर मोजून मिळणारं नव्हतं. त्याने पुढ्यातल्या हवेला एक सणसणीत शिवी दिली, परत आला आणि काठ्या उचलल्या.

कार्यक्रमाला वर्कशॉपमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. पहिल्या गाण्यापासून डॉक्टर दर आवर्तनाला हात किंचित वर अडवून धरायचा, सेकंदाचा पंचविसावा भाग, ना कमी ना जास्त, आणि मग तेरा जणांच्या बरोबर उतरायचा. कान शाबूत असल्याशिवाय असं लंगडता येत नाही. बँड एकदिलाने वाजला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि बँडमास्तरने भाषणात सांगितलं की आमचे डॉक्टर सर्वांत उशिरा शिकले, पण शिकले. बायको खाली बसून पदर तोंडावर धरून हसत होती. डॉक्टरच्या जिभेवर आलेलं सगळं त्याने गिळलं. ते पचायला त्याला आठवडा लागला.

त्याच आठवड्यात दुरुस्त आवृत्ती आली आणि सगळ्यांनी ती उतरवून घेतली. चौथ्या दिवशी चष्मेवाल्या बाईचं पत्र आलं. काळजीत पडून तिने लिहिलं होतं की तुमच्या गावातून माझ्याकडे एकदम तेरा तक्रारी आल्या आहेत. नवा मेट्रोनोम बिघडलाय, पहिला ठोका घाईने देतो, असं सगळे म्हणतात. तुमचे वडील एकदा कान लावून सांगतील का?

डॉक्टरने कान लावला. अर्धा तास ऐकलं, डोळे मिटून. मग मुलीला म्हणाला, "लिही. यंत्र एकदम ठणठणीत आहे. माणसं माझी आहेत, मी बघतो त्यांचं."