एप्रिलमध्ये सुचलेलं उत्स्फूर्त वादन

गिटार मी एकेचाळिसाव्या वर्षी हातात घेतली आणि परीक्षेच्या अभ्यासाला लागावं तशी तिच्या मागे लागले. शाळेत मी स्कॉलरशिपला बसलेली मुलगी. घोकलं की काहीही येतं, यावर माझा गाढ विश्वास. मोबाइलवरचे व्हिडिओ बघून बघून चार वर्षांत परदेशी वादकांचे सात-आठ तुकडे मी असे बसवले, की झोपेतून उठवलं तरी वाजवेन. मग जॅझचं खूळ डोक्यात शिरलं. कुणीतरी सांगितलं, गोराईत एक म्हातारे गृहस्थ आहेत, उभी हयात हॉटेलांच्या बँडमध्ये गिटार वाजवण्यात गेली, त्यांच्याकडे जा.

गेले. बोरिवलीच्या जेट्टीवरून बोटीनं खाडी ओलांडायची, पुढे रिक्षा. अंकलनी पहिल्याच दिवशी विचारलं, "कोणाकोणाला ऐकतेस?" मी सात नावं धडाधड म्हणून दाखवली.

"ऐकतेस का बघतेस?"

"बघते," मी कबूल केलं.

"मग गिटार ठेव बाजूला, बाय. आधी कान."

दर रविवारी दुपारची जेवणं आटोपली की अंकलच्या व्हरांड्यात तिघांची बैठक बसायची. अंकलची गिटार, एका मित्राचा सॅक्सोफोन, दुसऱ्याचे ड्रम. गाण्याची मूळ चाल एकदा वाजवायची, आणि मग प्रत्येकानं आळीपाळीनं तिच्यावर आपल्या मनानं, तिथल्या तिथे काहीतरी रचायचं. बाकीच्यांनी साथ द्यायची. जॅझ म्हणजे एवढंच, असं अंकल म्हणायचे, आणि नेमकं एवढंच मला येत नव्हतं. मला त्या बैठकीत चौथी म्हणून बसायचं होतं. त्या वर्षी मला दुसरं काहीही नको होतं.

अंकलचा गृहपाठही विचित्र. बोटीच्या इंजिनाचा सूर धरायचा आणि गुणगुणत घरापर्यंत न्यायचा. निम्म्या वाटेत रिक्षावाला हॉर्न मारायचा आणि माझा सूर खाडीत. कुकरची शिट्टी, लिफ्टचा दरवाजा, वरच्या मजल्यावरचा मिक्सर, सगळ्यांना मी सूर विचारत फिरत होते. ऑफिसात पंख्याबरोबर गुणगुणताना साहेबांनी पकडलं, तेव्हा मात्र वाट लागली.

शेवटी अंकल म्हणाले, "जूनमध्ये एक रविवार तुझा. एक फेरी तुझ्या मनानं वाजव. जमलं तर बस आमच्यात."

मी काय केलं असेल? घरी बसून माझं 'मनानं' वाजवायचं नीट लिहून काढलं, आणि दोन महिने घोकलं. कुठे जरा अडखळल्यासारखं करायचं, हेसुद्धा ठरवलं होतं. त्या रविवारी एकही स्वर इकडचा तिकडे झाला नाही. सॅक्सवाल्यांनी मध्येच गंमत म्हणून मला एक तान टाकली, तिच्याकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही. माझ्या तयारीत ती नव्हती ना!

"छान," अंकल म्हणाले. "हे कोणाचं?"

"माझंच."

"कधी सुचलं?"

खोटं बोलायला मला जमत नाही. "एप्रिलमध्ये."

ड्रमवाले इतके हसले की त्यांना ठसका लागला. अंकल हसले नाहीत. "आज जून आहे, बाय. आम्ही इथे आज बसलोय."

महिनाभर गिटारला हात लावायचा नाही आणि जिथे माणसं एकत्र वाजवतात तिथे जाऊन बसायचं, अशी शिक्षा झाली. माझ्या माहितीत तशी एकच जागा होती, आणि तिथे जायला मी नेहमी टाळाटाळ करत आले होते. बाबांचं भजनी मंडळ. गिरणी बंद पडली, चाळ सुटली, पण बाबा दर शनिवारी संध्याकाळी दहिसरच्या मारुतीच्या देवळात पेटी वाजवायला जातात. खरं तर आमच्या कोकणातल्या भजनात बुवा स्वतःच पेटीवर बसतात. पण या बुवांना दोन्ही हात हवेत फेकून गायची खोड, म्हणून पेटी बाबांकडे आली ती आली.

चार शनिवार मी मागे बसून ऐकलं. बुवा रंगात आले की अभंग अर्ध्यावर सोडून गवळणीत शिरतात, पट्टी वर नेतात, कुणाला सांगत नाहीत. आणि बाबा तिथे आधीच पोचलेले. मी थक्क झाले. लहानपणापासून जे ऐकून कान किटले म्हणत होते, ते मी कधी ऐकलंच नव्हतं.

"बाबा, बुवा कुठे जाणार ते तुम्हाला कसं कळतं?"

"तो खंय जातलो ता माका काय म्हायत! तेचो श्वास आयकूक येता, मगे बोटां आपोआप जातत."

जुलैतल्या एका रविवारी मी पुन्हा गोराईला निघाले तर बाबा म्हणाले, मीपण येतो, ताजी मासळी बघू. या वेळी मी काही घोकलं नव्हतं. सॅक्सवाल्यांचं ऐकलं, त्यांना चार स्वरांत उत्तर दिलं, आणि चक्क जमलं. मग दुसऱ्या ओळीत वाट चुकले आणि फेरी संपेपर्यंत सापडले नाही. अंकल म्हणाले, "आता कुठे सुरुवात झाली." मग कोपऱ्यात बसलेल्या बाबांना त्यांनी सहज विचारलं, "तुम्ही काय वाजवता?"

"पेटी."

मे महिन्यात गावातल्या क्रुसापाशी प्रार्थना होतात, त्यासाठीची पेटी अंकलच्या घरात होतीच. बाबांनी जन्मात न ऐकलेली चाल. पहिल्या फेरीत त्यांनी नुसते दोन सूर धरले. दुसरीत ते मागोमाग निघाले. तिसरीत त्यांनी भजनातली एक झोकदार जागा घेतली, आणि सॅक्सवाल्यांनी ती उचलून, उलटी करून परत पाठवली. बाबा खो खो हसले, वाजवता वाजवता.

"पुढच्या रविवारी या," अंकल त्यांना म्हणाले. "पेटी इथेच असते." मग माझ्याकडे वळून, "तूपण ये. ऐकायला."

बोटीत मी बोंबलांची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते आणि माझा नुसता जळफळाट चालला होता. पाच वर्षं मी घासली, आणि जागा कोणाला मिळाली? मासे घ्यायला आलेल्या माणसाला!

"तुका राग इलो काय गो?"

"आला."

"मगे माझ्यावांगडा वाजव."

एका छताखाली इतकी वर्षं काढली, पण आम्ही दोघांनी कधी एकत्र वाजवलं नव्हतं. घरी बोंबील साफ करून झाल्यावर बाबांनी पेटी काढली. काय वाजवणार, कुठल्या पट्टीत, काही बोलले नाहीत. चाचपडत मी सूर शोधला आणि मागे लागले. पाच-सहा ओळी बऱ्या गेल्या. मग मी साफ चुकले आणि तारांवरून हात उचलला. बाबा थांबले नाहीत. मान कलती करून तीच एक ओळ वाजवत राहिले, पुन्हा, पुन्हा, पुन्हा, मी येईपर्यंत.