फाईलचं लांबलचक नाव

प्रिंटरच्या तापलेल्या शाईचा वास आला की मला कुरुंद्याच्या शाळेतली एक दुपार आठवते. मी तिथे कारकून होतो. दहावीच्या त्रेसष्ट मुलांची यादी पाचच्या आत हिंगोलीच्या शिक्षण कार्यालयात पोचली नाही, तर एकालाही परीक्षेला बसता येणार नव्हतं. घोळ नको म्हणून मी फाईलच्या नावातच शाळा, गाव, तालुका, वर्ग, तुकडी आणि तारीख लिहीत असे. त्या दिवशी नव्या प्रिंटरवर यादी छापायला दिली, तर संगणकाचा पडदा निळा झाला आणि अख्खं मशीन बंद पडलं. तीनदा तसंच झालं. हेडमास्तर म्हणाले, "बाबू, लेकरांचं वर्ष घालवता काय?" वसमतहून दुरुस्तीवाला आला, नाव वाचून हसला. "काका, एवढं लांब नाव काहून दिलं? प्रिंटर चालवणारा प्रोग्राम असतो, ड्रायव्हर म्हणतात त्याला, त्याच्यात नावाला मोजकीच जागा हाय. उरलेली अक्षरं शेजारी, मशीनच्या हुकमांच्या जागेत सांडतात अन् मशीन मरतं." त्याने फाईलचं नाव नुसतं 'यादी' केलं आणि त्रेसष्ट नावं सरसर छापून आली. मी विचारलं, "सांडणाऱ्या अक्षरांत कुणी मुद्दाम हुकूम लिहून धाडला तर?" त्याचं हसू थांबलं. "मग मशीन त्याचंच ऐकतं. आपल्याला पत्ता बी लागत न्हाई." त्याला दीडशे रुपये दिले, यादी वेळेत पोचवली, पण त्याचं ते बोलणं डोक्यातून गेलं नाही. आता माझा पगार मोबाईलवर दिसतो, आणि तो आकडा बराबर असला तरी आत कुणाचा हुकूम शिरला नसेल ना म्हणून मी दोनदा तपासतो.