ज्या खाडीवर कुणाचाच दावा नव्हता
तोबियासमामाला लोक आता भोळसट म्हणतात. ऐकलं की माझं डोकं फिरतं. आमच्या ग्रीनलंडच्या या टोकाला समुद्रात वाट विचारणाऱ्याला तू कोण, कुठला, असं कधी कुणी विचारत नव्हतं. खडक सगळ्यांच्याच नावा फोडतो.

बर्फ लवकर फुटायला लागला आणि पहिलं परदेशी जहाज वस्तीसमोर आलं, तेव्हा मामाने बिस्किटांच्या खोक्याचं झाकण फाडून त्यावर पाण्याखालचे सगळे खडक काढून दिले. पुढच्या उन्हाळ्यात दुसऱ्या झेंड्याचं जहाज आलं, मग तिसऱ्या. डोंगरातला धातू प्रत्येकाला दुसऱ्याच्या आधी हवा होता. मामाने तिघांनाही तेच चित्र दिलं.

"अहो, सगळ्यांना कशाला वाटत सुटलाय?" मामी करवादली.

"मग काय, बुडू देऊ?"

तिसऱ्या जहाजावरच्या साहेबाने खाडीकडे बोट दाखवून विचारलं, "ही जागा तुमची का?" दुभाषी मीच होते. ती खाडी म्हणजे मामाचा अख्खा हिवाळा. बर्फाला भोकं पाडून सील पकडायची जाळी तिथेच लावायची. त्या मांसावर त्याची बर्फगाडी ओढणारी चौदा कुत्री आणि अर्धी वस्ती जगायची. मामा खो खो हसला. "जागा कधी कुणाची असते का? माझी नाही, कुणाचीच नाही. वारा सुटला तर खुशाल नांगर टाका."

मी शब्दन्‌शब्द सांगितला. साहेबाने लिहून घेतला, मामाने खाली सही केली आणि वर त्याला वाळवलेला मासाही दिला. आमच्याकडे घर आपलं असतं, खालची जमीन सगळ्यांची. हे त्या कागदावर लिहायला लावावं, एवढंही मला सुचलं नाही. आणि म्हणे मी शिकलेली!

दोन वर्षांनी सभागृहात खाणीबद्दल जनसुनावणी झाली. पडद्यावर नकाशा होता. जहाजांची वाट मामाचीच, एकेक खडक चुकवत जाणारी, आणि शेवटी त्याच्या खाडीत जहाजं लावायचा धक्का. खाली लिहिलेलं: वापरात नसलेली जागा, स्थानिकांचा दावा नाही.

मामा उठला. "वापरात नाही? मग चाळीस वर्षं मी तिथे झोपा काढत होतो का रे?"

"सही तुमचीच आहे, काका," तोच साहेब गोड आवाजात म्हणाला. तेही मलाच सांगावं लागलं.

खाडी गेली. खायला घालता येईना, म्हणून मामाने अकरा कुत्री स्वतःच्या हाताने गोळ्या घालून मारली.

गेल्या ऑक्टोबरात दुपारी मी त्याच्याकडे जेवायला होते. रेडिओवर आमच्याच भाषेत एक अनोळखी आवाज आला. "दादा, धुक्यात काही दिसत नाही. खडकाच्या कुठल्या अंगाने येऊ?"

मामाने माइक उचलला. "आधी सांग, तू कुणाचा माणूस?"

तो म्हणाला, "कुणाचा म्हणजे? मासे मारतो. बायको आहे बरोबर."

"खाणवाल्यांच्या कामावर नाहीस ना?"

"नाही हो! नाव खडकावर चाललीय!"

मग कुठे मामाने वाट सांगितली. दोघं सुखरूप आली. मामीने कॉफी ठेवली, मामा स्वतः काठावर गेला. त्या माणसाने नाव बांधली, मामाकडे पाहिलं आणि म्हणाला, "आमच्याकडे असं विचारत नाहीत." आणि थरथरणाऱ्या बायकोला घेऊन त्याने शेजारचं दार ठोठावलं.