फोटोत बराबर न दिसणारी अक्का

माझी थोरली जाऊ, कौसाअक्का, गेल्याची खबर आली तेव्हा मी शिजवलेली हळद वाळत घालत होते. हात तसेच पिवळे घेऊन घरी पोहोचले, तर तिची लेक रडत एकच विचारत होती, "काकू, मायचा फोटो कुठंय?" फोटो नव्हताच. मतदानाच्या कार्डावरचा मोठा करून आणला, तर नुसता काळा डाग आला... पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे तिच्या नावानं वंदना नि शोकसभा असते त्या दिवशी आम्ही रिकाम्या पाटावर हार ठेवला.

नव्वदच्या आसपास आमच्या गावात, कुरुंद्यात, तंबूची टॉकीज होती. बायकांच्या दारावर तिकिटं फाडायचं काम अक्काकडं होतं. बारा वर्षं केलं तिनं. पिऊन घुसणाऱ्याला ती कॉलर धरून बाहेर काढायची आणि मी तिच्या पदराआड बसून सिनेमा पाहायची. एकदा सिनेमावाल्यांचीच टर उडवणारा एक जुना, काळा-पांढरा सिनेमा लागला. त्यात एक शेठ खडी फोडणाऱ्या बाईवर सिनेमा काढतो. खरीच खडी फोडणारी बाई हातोडा घेऊन समोर येते, तर शेठ तिला वरून खाली पाहतो आणि म्हणतो, "हटाव इसको, ये मजदूर नहीं लगती." मग पावडर लावलेली नटी येते, तिला हातोडा उचलत नाही. अक्का इतकी हसली की तिकिटं फाडायची विसरली. पुढं घरात तेच सुरू झालं. माझी भाकर फाटली की म्हणायची, "हटाव इसको, ये भाकर नहीं लगती."

त्याच महिन्यात पेपरवाला टॉकीजचा फोटो काढायला आला. अक्का हिरव्या बांगड्या भरून, नवं लुगडं नेसून दारावर उभी राहिली. टॉकीजचा मालक म्हणाला, "कौसा, तू जरा बाजूला व्हय. फोटोत बराबर दिसत न्हाई तू." तिच्या जागी त्यानं आपली सून उभी केली. मी तिथंच होते. काही बोलले नाही. घरी येऊन अक्का भाकरी करायला बसली. मी मुद्दाम एक भाकर फाडली... ती हसली नाही. ते वाक्य तिनं पुन्हा कधीच म्हटलं नाही.

पुण्यानुमोदनाला मालक आला. हातात माइक घेऊन म्हणाला, "कौसा म्हंजी आमच्या टॉकीजचा चेहरा होती." मग पाटाकडं पाहून विचारलं, "फोटो काहून न्हाई लावला?" चार माणसांत मी कधी तोंड उघडलेलं नाही. त्या दिवशी उभी राहिले. म्हणाले, "शेठ, ती फोटोत बराबर दिसत न्हाई. तुमीच म्हनला होता." त्यानं माइक खाली ठेवला. मेल्यावर वैर संपतं म्हणतात. मेली ती, मी जिती आहे.

परवा अक्काची पेटी आवरताना तळाशी तो पेपर सापडला. फोटोत मालकाची सून उभी आहे, आणि कडेला बांगड्या भरलेला एक हात आहे, तिला तिकीट कसं फाडायचं ते दाखवणारा. मी कात्रीनं तेवढा हात कापून घेतला. सुनेचा चेहरा चुलीत घातला. तिचा काय दोष, असं वाटलं खरं... पण घातला.

तो हात आता चौकटीत आहे, हार घालून. आल्यागेल्यांनी विचारलं की सांगते, ही आमची अक्का. "आन् चेहरा कुठंय?" म्हणाले की त्यांना मालकाचं घर दाखवते.