अमादेओचं शेवटचं ‘धन्यवाद’

अख्ख्या संसारात अमादेओनं बायकोला कधी धन्यवाद म्हटलं नव्हतं. एल्सिराबाईंनी ‘माते’ या तिकडच्या कडवट चहाच्या पेल्यात गरम पाणी ओतून द्यावं, त्यानं नळीनं ओढून पेला मुकाट परत करावा. एके सकाळी मात्र पेला देताना तो चक्क म्हणाला, ‘धन्यवाद.’ आणि दुपारी गेला.

ब्युनॉस आयर्समध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, की माते पिताना धन्यवाद म्हणजे ‘बास, आता नको’. मग गडी आभार मानून गेला, की कंटाळून? एल्सिराबाईंची झोपच उडाली.

सासरचं घराणं मनाच्या बाबतीत तालेवार. नणंद पेरला ऐन तारुण्यात मनाच्या डॉक्टरांच्या कोचावर आडवी झाली, ती अजून उठायची होती. ती म्हणाली, “वहिनी, ते धन्यवाद तुला नव्हतंच. आमच्या आईला होतं!”

तिचा मुलगा गास्तोन आधुनिक. मनाचा हा उपचार व्हिएन्नाहून आगबोटीनं आला तेव्हा कोचाशिवाय हलत नसे. प्रगती करत करत आता गास्तोनच्या मोबाइलात येऊन बसला होता. गास्तोन बसथांब्यावर उभा राहून रडे.

“मामी, तुला राग आलाय. फक्त कळत नाहीये.”

“कळतोय की. तुझाच आलाय.”

“बघ! आमच्या डॉक्टरबाई म्हणतात, तो मनाचा प्रतिकार हाच!”

“मग मला तुझ्या बाईंकडे ने ना.”

मायलेक चपापले. आपला डॉक्टर नातलगाला देणं म्हणजे दात घासायचा ब्रश देणं! उपचाराचा खर्च मागितला, तर विमावाल्यांनी विचारलं, दुःख साधारण कधी आटोपेल? उरलं सरकारी इस्पितळ. तिथं सगळं फुकट. फक्त पहाटे रांगेत उभं राहण्याइतकं ज्याचं डोकं ठिकाणावर, त्याच्याच डोक्यावर इलाज.

पेरलानं शिकवणी घेतली. “बेतानं रड. जास्त रडलीस तर गोळ्या देऊन कटवतील, कमी रडलीस तर पुढच्या वर्षी ये म्हणतील. वडिलांचं काहीतरी सांग.”

“माझे वडील चांगले होते गं.”

“अगं बाई! इतकं गंभीर आहे?”

इस्पितळातली डॉक्टर पोरसवदा होती. एल्सिराबाई शिकवणी विसरल्या, त्या एका शब्दाचंच सांगत सुटल्या. पोरगी अर्थबिर्थ सांगेना. म्हणाली, “ते तसं म्हणाले तेव्हा तुम्हाला काय वाटलं?”

हे कुणी विचारलंच नव्हतं.

“मला... बरं वाटलं. म्हटलं, चला, परत पाणी तापवायला उठायला नको.” आणि मग जे रडू फुटलं, ते पेरलाच्या मापात बसणारं नव्हतं.

“आज इथंच थांबू,” डॉक्टर हळूच म्हणाली. “दर मंगळवारी या.”

बाहेर पेरला टपलेलीच. “मिळाली जागा? काय निघालं?”

“मिळाली. बाकी माझं नि तिचं.”

“अगं, पण भाऊ माझा होता!”

“मग तुझ्या कोचाच्या वारी तू बोल की,” म्हणत एल्सिराबाई बसमध्ये चढल्यासुद्धा.