पालथा राजा

आमच्या देव्हाऱ्यात चांदीचे चार टाक होते. टाक म्हणजे पातळ पत्र्यावर ठोकलेली देवाची आकृती. तीन देवांचे, चौथा मूळपुरुषाचा. तो मात्र जाड आणि गोल, कडेला कुणालाच न लागणारी अक्षरं. त्यावर एका पुरुषाचं डोकं, केसांत पानांची माळ. धाकटे दीर मुंबईहून आले की त्याला गंध लावून म्हणायचे, "वहिनी, नाक बघा. आपल्या घराण्याचं नाक."

पूजा यजमान करायचे, टाक घासणं माझं. त्यामुळे मागची बाजू मलाच माहीत. तिथे एक बाई जमिनीवर बसलेली, मान खाली. शेजारी खांबाला ढाल आणि चिलखत टांगलेलं. मी कुणाला सांगितलं नाही. विचारलं कुणी? यजमान वारल्यापासून घरात मी एकटी. रोज सकाळी दिसणारी दुसरी बाई तीच.

गेल्या वर्षी दिरांच्या नातवाचं लग्न ठरलं. झिजलेले टाक आटवून नवे करायचे म्हणून दीर आणि मी लांज्याला सोनाराकडे गेलो. तीन टाक मुशीत गेले. चौथा सोनाराने उलटा करून पाहिला आणि थांबला. मोबाइलवर फोटो काढून बराच वेळ शोधत बसला.

"काका, हा टाक नव्हे. रोमच्या राजाचं नाणं आहे. एक देश जिंकला म्हणून पाडलेलं. ही बाई म्हणजे तो हरलेला देश."

दिरांचा चेहरा उतरला. "आटव."

"जुनं आहे हो, काका."

"भावकीत कळलं तर लग्नात तोंड कुठे लपवू? आटव म्हणतो ना."

सोनाराने चिमटा उचलला. मूस लाल झाली होती. मी नाणं उचलून मुठीत धरलं.

"वहिनी, द्या इकडे. परक्या राजाच्या पाया पडत आलो आपण."

"तुम्ही पडलात. मी घासत होते."

"चेष्टा नको."

"राजाचं काय ते करा. बाई आटवू देणार नाही."

"राजा आटवून बाई कशी उरेल?"

"मग राजाही राहू दे."

त्यांनी माझं मनगट धरलं. भर दुकानात. सोनार खाली बघू लागला.

"हात सोडा," मी म्हटलं. "नाहीतर तुमचं नाक कुठून आलं ते भावकीला मीच सांगते."

त्यांनी हात सोडला.

नवा मूळपुरुष दुसऱ्या चांदीचा झाला. सोनाराने विचारलं, "नाक कसं काढू?" दीर बाहेर जाऊन उभे राहिले.

नाणं देव्हाऱ्यातच आहे, पालथं. राजा खाली, बाई वर. दीर आले की तिला वगळून गंध लावतात. मी मागाहून लावते.