एकाच मशीनवर

कटिंग ऑइलचा वास आला की सावेडीतले शेजारी काका आठवतात. ते नागापूरच्या कारखान्यात सुटे भाग, त्यांच्या भाषेत ‘जॉब’, गेज या मापाच्या साधनाने तपासत. बुद्धिबळ खेळणाऱ्या दोन कॉम्प्युटर प्रोग्रॅमांत सरस कोणता, यावरचा माझ्या नावाचा पहिलाच लेख दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येणार होता. आदल्या संध्याकाळी त्याची प्रत वाचून काकांनी विचारले, “दोघं एकाच कॉम्प्युटरवर खेळवले ना?” जिंकलेला ऑफिसच्या नव्या मशीनवर होता, हरलेला माझ्या जुन्या लॅपटॉपवर. “दोन जॉब दोन गेजनं मोजले तर आमाला घरी बसवतील, पत्रकार!” मग त्यांच्यासमोरच दोघांना एका मशीनवर खेळवले. हरलेलाच जिंकू लागला. सुरुवातीला तो चाचपडायचा, पण मोजकी मोहरी उरली की चुकत नसे. मी फोन करून लेख थांबवला. पुढे माझ्या नावावर चुका छापल्या गेल्याच. पहिली मात्र काकांनी छापू दिली नाही.